डॉलरचं बिल आधी, ऑप्शन नंतर : करन्सी ऑप्शनमध्ये उतरण्याची नीट पद्धत

निफ्टीचे कॉल-पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा (कॉल) किंवा विकण्याचा (पुट) हक्क देणारे ऑप्शन, करणारी मंडळी सोलापुरात आता नवी पेठेपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत सगळीकडे भेटतात. त्यातले बरेच जण डॉलर-रुपयाकडे वळू पाहतात आणि सुरुवातच उलटीकडून करतात. आधी ॲप, मग खातं, मग स्ट्राइक (ऑप्शनमधला ठरलेला भाव), आणि नियम सगळ्यात शेवटी, तोही पैसे अडकल्यावर. दुसरीकडे टॉवेलचे आणि डाळिंबाचे निर्यातदार आहेत. ज्यांना या ऑप्शनचा खरा उपयोग आहे, ते "ते सट्ट्याचं काम" म्हणून त्याकडे फिरकत नाहीत. हा लेख दोघांसाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या, कारण पहिली चुकली तर पुढचं सगळं बेकायदा ठरू शकतं.

## पायरी १ : तुमच्याकडे परकीय चलनाची जोखीम आहे का?

रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढलं. त्याची अंमलबजावणी आधी एप्रिलमध्ये होणार होती, ती पुढे ढकलून ३ मे २०२४ पासून झाली. मुद्दा साधा आहे. रुपया ज्या जोडीत आहे, म्हणजे डॉलर-रुपया, युरो-रुपया, पाउंड-रुपया, येन-रुपया, अशा कोणत्याही एक्स्चेंजवरच्या फ्युचर (पुढच्या तारखेचा, आज ठरलेल्या भावाचा करार) किंवा ऑप्शनमध्ये पोझिशन घ्यायची तर तुमच्याकडे त्या चलनाचं खरं, कराराने ठरलेलं येणं किंवा देणं असलं पाहिजे. शिवाय तेच येणं-देणं तुम्ही दुसऱ्या कुठल्या डेरिव्हेटिव्हने, म्हणजे फॉरवर्ड-ऑप्शनसारख्या कराराने, आधीच हेज केलेलं (दराच्या जोखमीपासून वाचवलेलं) नसावं.

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. सर्व एक्स्चेंज मिळून १० कोटी डॉलरपर्यंतच्या पोझिशनसाठी कागद *दाखवावे* लागत नाहीत, हे खरं. त्यावरून लोक असा अर्थ काढतात की येणं-देणं *असण्याची*ही गरज नाही. ४ एप्रिल २०२४ च्या निवेदनात रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केलं आहे: सूट फक्त कागद सादर करण्यापुरती आहे. मागितले तर ते तुम्हाला दाखवता आले पाहिजेत.

आता स्वतःचं तपासा. परदेशी खरेदीदाराची डॉलरमधली ऑर्डर हातात आहे? परदेशातून मागवलेल्या लूमचं किंवा सुट्या भागांचं बिल द्यायचं आहे? डॉलरमधल्या कर्जाचा हप्ता आहे? मग जोखीम आहे. "पुढच्या सीझनला ऑर्डर येईलच" हा अंदाज झाला, करार नव्हे. तो एक्स्चेंजवर चालत नाही, त्यासाठी बँकेशी बोलावं.

आपल्याकडचे अनेक कारखानदार मुंबईच्या मर्चंट एक्स्पोर्टरला माल देतात. माल अमेरिकेला जातो, पण तुमचं बिल रुपयात फाटतं. अशा वेळी डॉलरची जोखीम त्या एक्स्पोर्टरची असते, तुमची नसते. माल कुठे जातो त्यावर जाऊ नका, बिल कोणत्या चलनात आहे ते बघा.

येणं-देणं काहीच नसेल तर रुपयाच्या जोडीत तुमच्यासाठी दार बंद आहे, आणि मी त्यातून पळवाट सुचवणार नाही. डॉलर वाढण्याचा फायदा दीर्घ मुदतीत हवा असेल तर परदेशी शेअरमध्ये गुंतवणारे म्युच्युअल फंड आहेत. उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे एलआरएसमधून, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवून थेट परदेशी शेअरही घेता येतात. त्यात वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा होणारा कर) कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, तरी तोवर पैसे अडकतात. आणि एलआरएसचे पैसे परदेशी एक्स्चेंजवर किंवा परदेशी ब्रोकरकडे मार्जिन (पोझिशनसाठीची अनामत) म्हणून भरता येत नाहीत.

> थांबा. टेलिग्रामवरून आलेलं फॉरेक्स ॲप, "पाचशे पट लीव्हरेज", एका मिनिटात वर की खाली सांगायचा "ऑप्शन", यूपीआयने कुणा अनोळखी व्यक्तीच्या खात्यात भरायचं डिपॉझिट: यातलं एक जरी दिसलं तरी पुढे जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची सावधगिरी यादी आहे, ती सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध होते. पण यादीत नाव नाही म्हणजे ॲप अधिकृत, असं होत नाही. त्याच संकेतस्थळावर परवाना मिळालेल्या इलेक्ट्रॉनिक ट्रेडिंग प्लॅटफॉर्मची वेगळी यादी आहे, नाव तिथे शोधा. फेमा या परकीय चलन कायद्याखाली दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो आणि तो ॲपवाल्यावर न येता तुमच्यावर येतो. पैसे अडकलेच असतील तर त्याच दिवशी १९३० वर तक्रार करा.

## पायरी २ : ऑप्शनच हवा का, ते ठरवा

बिल आहे म्हणून लगेच पुट घ्यायला जाऊ नका. आधी बाकीचे रस्ते बघा.

बँकेचा फॉरवर्ड हा सगळ्यात सरळ. दर आज ठरतो, डॉलर त्या तारखेला द्यायचे. प्रीमियम, म्हणजे ऑप्शनसाठी मोजावी लागते ती किंमत, इथे नाही. पण ऑर्डर रद्द झाली तरी फॉरवर्ड तुमच्या गळ्यातच राहतो, आणि तो मोडताना दर तुमच्या विरुद्ध गेला असेल तर फरक भरावा लागतो. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, त्या काळात हातातली ऑर्डर म्हणजे हातातले पैसे नव्हेत हे टॉवेलवाल्यांना नव्याने सांगावं लागलं नाही. अशा अनिश्चित ऑर्डरीसाठी ऑप्शन चांगला. जास्तीत जास्त प्रीमियम जातो, त्यापलीकडे काही नाही.

खात्रीचा, वर्षानुवर्षांचा खरेदीदार असेल आणि पेमेंट कधी चुकत नसेल, तर माझं मत फॉरवर्डच्या बाजूने आहे. दर महिन्याला प्रीमियम भरत बसण्याचं कारण नाही.

डॉलर फक्त विकायचे किंवा विकत घ्यायचे असतील, दर आगाऊ बांधायचा नसेल, तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा एफएक्स-रिटेल प्लॅटफॉर्म बघा. तो ऑगस्ट २०१९ पासून आहे. बँकेमार्फत नोंदणी करायची. तिथे बाजाराचा दर दिसतो आणि बँकेचा आकार, म्हणजे तिचं शुल्क, वेगळा कळतो. छोट्या निर्यातदाराचं सर्वाधिक नुकसान दराच्या चढउतारापेक्षा या न दिसणाऱ्या आकारात होतं, असं मला वाटतं. शाखेत जाऊन एकच प्रश्न विचारा: "माझ्या डॉलरमागे किती पैसे कापता?" उत्तर लेखी घ्या.

ईईएफसी, म्हणजे निर्यातदाराच्या परकीय चलन खात्यात डॉलर ठेवून वाट बघणं हाही एक रस्ता आहे. त्यावर व्याज मिळत नाही, आणि एका महिन्यात जमलेले डॉलर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरावे किंवा रुपयात बदलावे लागतात. आयातीचं बिलही तुम्हालाच द्यायचं असेल तर मात्र हे खातं उत्तम. येणं-देणं तिथल्या तिथे वळतं, हेज करायला फारसं उरतच नाही.

## पायरी ३ : खातं आणि फाइल

शेअरचं खातं असलं तरी करन्सी सेगमेंट वेगळं सुरू करावं लागतं. ब्रोकर उत्पन्नाचा पुरावा मागेल आणि "माझ्याकडे मूळ येणं-देणं आहे" असं घोषणापत्र घेईल. ते न वाचता ओटीपी देऊ नका. खोटं घोषणापत्र ही तुमची जबाबदारी आहे, ब्रोकरची नाही.

निर्यात कंपनीच्या किंवा भागीदारी फर्मच्या नावाने होत असेल तर ट्रेडिंग खातंही त्याच नावाने हवं. बिल फर्मचं आणि पुट मुलाच्या वैयक्तिक खात्यात, हा प्रकार आपल्याकडे सर्रास होतो. अशा वेळी जोखीम एकाची आणि पोझिशन दुसऱ्याची होते. नियमाच्या दृष्टीने मुलाकडे जोखीमच नाही, आणि करात फर्मचा खर्चही दाखवता येत नाही.

मग प्रत्येक बिलाची एक फाइल करा. त्यात खरेदी ऑर्डर, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, एलसी (बँकेचं पेमेंटचं हमीपत्र) असेल तर त्याची प्रत, माल निघाल्यावर शिपिंग बिल, आणि त्या बिलासाठी घेतलेल्या ऑप्शनच्या कॉन्ट्रॅक्ट नोट. फाइलच्या पहिल्या पानावर चार आकडे: एकूण डॉलर, आलेला ॲडव्हान्स, बाकी, अपेक्षित तारीख.

> तपासा. याच बिलावर बँकेत फॉरवर्ड बुक केलेला नाही ना? हिशेब बघणारा एक आणि ट्रेडिंग बघणारा दुसरा असेल, तर एकच बिल दोनदा हेज होण्याची शक्यता खरीच असते.

## पायरी ४ : निफ्टीच्या सवयी बाजूला ठेवा

नियमांइतक्याच चुका इथे होतात. एनएसईवरचा डॉलर-रुपया ऑप्शन दिसायला ओळखीचा, पण माप वेगळं.

एक लॉट १,००० डॉलरचा. प्रीमियम एका डॉलरमागे रुपयात असतो. स्क्रीनवर ०.५५ दिसलं तर एका लॉटचे ५५० रुपये. एका पैशाची हालचाल म्हणजे लॉटमागे १० रुपये. सगळ्यात लहान टिक पाव पैशाचा, ०.००२५ रुपयाचा. स्ट्राइक २५-२५ पैशांच्या अंतराने. "पन्नास पैशाला मिळतोय, घ्या शंभर लॉट" म्हणणाऱ्याने एक लाख डॉलरची पोझिशन घेतलेली असते.

बाजार सकाळी ९ ते संध्याकाळी ५. सुट्ट्यांची यादी शेअर बाजारापेक्षा वेगळी असते, ती वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लावा.

मासिक कॉन्ट्रॅक्टचा शेवटचा दिवस म्हणजे महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजी दिवस आधी, आणि त्या दिवशी व्यवहार दुपारी साडेबाराला बंद. साडेतीनपर्यंत वेळ आहे असं धरणाऱ्याची पोझिशन जेवायच्या आधीच संपलेली असते.

हिशेब रोखीने, रुपयात. डॉलर कुणी देत-घेत नाही. शेवटचा भाव म्हणजे त्या दिवशीचा संदर्भ दर, जो एफबीआयएल ही बाजाराचे मानक दर ठरवणारी संस्था साडेअकरा ते साडेबारा या वेळेतल्या व्यवहारांवरून काढतं. ऑप्शन युरोपियन आहे, म्हणजे मुदतीआधी वापरता येत नाही, विकता मात्र येतो.

शिवाय रुपया निफ्टीसारखा रोज हलत नाही. टोकाचे चढउतार दिसले की रिझर्व्ह बँक बाजारात हस्तक्षेप करते. त्यामुळे भाव कित्येक दिवस अरुंद पट्ट्यात राहतो आणि मग एखाद्या सकाळी मोठी उडी घेतो. रात्रभर बाहेरच्या बाजारात डॉलर चालू असतो, आपला ९ वाजता उघडतो. स्टॉपलॉसवर विसंबणाऱ्यांना हा बाजार मानवत नाही.

## पायरी ५ : बाजू, लॉट, स्ट्राइक याच क्रमाने

बाजू. डॉलर यायचे आहेत, म्हणजे तुम्हाला डॉलर *पडण्याची* भीती, म्हणून पुट विकत घ्यायचा. डॉलर द्यायचे आहेत, म्हणजे डॉलर *चढण्याची* भीती, म्हणून कॉल विकत घ्यायचा. ऑर्डर टाकण्याआधी हे वाक्य मोठ्याने म्हणा. "डॉलर वाढणार असं वाटतंय" म्हणून निर्यातदाराने कॉल घेतला तर डॉलर पडण्याची जोखीम तशीच राहते आणि वर प्रीमियमही जातो.

लॉट. बाकी रकमेवर काढा, एकूण बिलावर नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका काल्पनिक टॉवेल कारखान्याचं उदाहरण घेऊ. ऑर्डर ४०,००० डॉलरची, १०,००० ॲडव्हान्स येऊन रुपयात बदललेला. बाकी ३०,००० डॉलर, पुढच्या महिन्यात यायचे. म्हणून ३० लॉट. चाळीस घेतले तर वरच्या दहा लॉटमागे काहीच बिल नाही, तो सट्टा झाला. रक्कम ३०,६०० असेल तर लॉट खालीच तोडा, ३१ घेऊ नका.

स्ट्राइक. निफ्टीवाले स्पॉट (आत्ताचा बाजारभाव) बघून ॲट-द-मनी, म्हणजे त्या भावाजवळचा स्ट्राइक, ठरवतात. इथे त्याच महिन्याच्या फ्युचरचा भाव बघा. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असले की फ्युचर स्पॉटच्या वर असतो. स्पॉट ९०.०० आणि फ्युचर ९०.३० असेल, तर ९० चा पुट खरं तर थोडा आउट-ऑफ-द-मनी, म्हणजे त्या भावाला काही न देणारा, आहे.

समजा कारखानदाराने ९० चा पुट ०.५५ ला घेतला. खर्च: ३० × १,००० × ०.५५ = १६,५०० रुपये.

संदर्भ दर ८८.५० आला तर पुटमधून दीड रुपयाप्रमाणे ४५,००० रुपये. डॉलरचे २६,५५,०००. प्रीमियम वजा जाता एकूण २६,८३,५००, म्हणजे डॉलरमागे ८९.४५.

दर ९२ वर गेला तर पुट शून्य. डॉलरचे २७,६०,०००, प्रीमियम वजा जाता २७,४३,५००, म्हणजे डॉलरमागे ९१.४५.

तर ८९.४५ हा तळ. तुमचा माल या दराला परवडतो का? सूत, रंग, वीज, मजुरी, पॅकिंग, भाडं धरून एका डॉलरमागचा ना-नफा-ना-तोटा दर आधी काढा. तो ८८ असेल तर ९० चा महाग पुट कशाला, ८९ चा स्वस्त घ्या. तो ८९.८० असेल, तर ९० चा हा पुट तुम्हाला वाचवणार नाही. मालाचा भावच कमी लावला आहे का, तेही बघा.

बँक संदर्भ दराने डॉलर घेत नाही, आपला आकार कापून घेते. म्हणून तळ खरोखर ८९.४५ च्या काही पैसे खाली असेल. पायरी २ मधला लेखी आकडा इथे वापरा.

> थांबा. प्रीमियम मिळतो म्हणून ऑप्शन विकण्याचा मोह होईल. निर्यातदाराने पुट विकला तर डॉलर पडल्यावर बिलातही तोटा आणि पुटमध्येही. कॉल विकला तर डॉलर चढल्यावरचा तोटा बिलातून भरून निघतो हे खरं, पण बिलाचे पैसे महिन्याने येणार आणि मार्जिन आज मागितलं जाणार. खेळतं भांडवल त्यात अडकून मजुरीच्या शनिवारी हात रिकामा राहतो. पहिलं वर्षभर फक्त खरेदी करा.

## पायरी ६ : ऑर्डर टाकणं

मे २०२४ नंतर या बाजारातली उलाढाल खूप आटली. त्यामुळे स्क्रीनवर भाव दिसतो म्हणजे तो मिळतोच असं नाही. मार्केट डेप्थ, म्हणजे कोणत्या भावाला किती लॉट घेणारे-देणारे आहेत ती यादी, उघडा. चालू महिन्याचे ॲट-द-मनीच्या आसपासचे स्ट्राइक सोडले तर अनेकदा चित्र असं असतं: घेणारा ०.४८ ला, देणारा ०.६९ ला, आणि तिथेही पाचच लॉट, पुढचे थेट ०.८५ ला. इथे ३० लॉटची मार्केट ऑर्डर टाकली तर ती वर वर चढत जाते. वीस पैशांचा फरक म्हणजे ३० लॉटला ६,००० रुपये.

म्हणून नेहमी लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाचीच. दोन्ही भावांच्या मधे लावा, पाच-पाच लॉटने, आणि थांबा. सकाळी उघडल्या उघडल्या नको, भाव स्थिर होऊ द्या. दिवसभरात नाही मिळाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. युरो-रुपया, पाउंड-रुपयाच्या ऑप्शनमध्ये डेप्थ रिकामीच दिसली तर हट्ट करू नका, बँकेचा फॉरवर्ड घ्या.

पेमेंट तीन महिन्यांनी असेल तर दूरच्या महिन्याचा ऑप्शन मिळणं कठीण. जवळच्या महिन्याचा घेऊन पुढे सरकवत नेण्याचा खर्च आधीच मोजा. तीनदा ०.५० म्हणजे दीड रुपया. एवढं देण्यापेक्षा फॉरवर्ड बरा पडतो का, ते त्या दिवशीच्या आकड्यांवर ठरवा.

## पायरी ७ : मधल्या दिवसांत

रोज भाव बघण्याची गरज नाही, फाइल बघण्याची आहे. खरेदीदाराने अजून ५,००० डॉलर पाठवले आणि तुम्ही ते रुपयात बदलले, तर त्याच दिवशी पाच लॉट विकून टाका. ऑर्डर रद्द झाली तर सगळे विका, पुट फायद्यात असो वा तोट्यात. मागे बिल उरलं नाही की ती पोझिशन ठेवण्याचा अधिकारही उरत नाही. पेमेंट लांबलं तर नव्या तारखेचं ईमेल फाइलला लावा आणि मगच पुढच्या महिन्याचा ऑप्शन घ्या.

पुट शून्याकडे चाललाय म्हणून स्वस्तात आणखी घेऊन "ॲव्हरेज" करू नका. पुट शून्याकडे जातोय म्हणजे तुमचे डॉलर महाग होताहेत.

## पायरी ८ : पैसे येतात तो दिवस

पेमेंट एक्स्पायरीच्या (ऑप्शनच्या शेवटच्या दिवसाच्या) आधी आलं तर बँकेत डॉलर ज्या दिवशी बदलाल त्याच दिवशी पुट विका, शक्यतो त्याच तासात. डॉलर सोमवारी बदलले आणि पुट "अजून वाढेल" म्हणून गुरुवारपर्यंत ठेवला, तर मधले तीन दिवस तुमच्या हातात बिलाविना पुट असतो.

एक्स्पायरीपर्यंत ठेवणार असाल तर डॉलर त्या दिवशी संदर्भ दर ठरतो त्या वेळेच्या जवळपास बदलण्याचं बँकेशी आधी बोलून ठेवा. नाहीतर पुटचा हिशेब एका दराने आणि डॉलरचा दुसऱ्याच दराने होतो.

## पायरी ९ : हिशेब आणि कर

मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच्या करन्सी डेरिव्हेटिव्हचा नफा-तोटा सट्टा नसलेल्या व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो. या व्यवहारांवर एसटीटी (रोखे व्यवहार कर) नाही. ब्रोकरेजवर १८ टक्के जीएसटी मात्र आहे. वैयक्तिक खातं असेल तर सहसा आयटीआर-३ भरावा लागतो. तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच.

सीएकडे वर्षअखेरीला नुसतं ब्रोकरचं स्टेटमेंट नेऊ नका, बिलवार फाइल न्या. कोणत्या बिलामागे कोणता ऑप्शन होता, किती प्रीमियम गेला, किती परत आला, बँकेने डॉलर कोणत्या दराने घेतले, हे एका ओळीत दिसलं पाहिजे. पुढच्या सीझनला खरेदीदाराला भाव देताना हीच ओळ काढा आणि डॉलरमागचा प्रीमियम मालाच्या किमतीत धरा.